शंका-समाधान : प्राणवायू उष्णता देतो, घेतोही

मागच्या अंकात ज्वलनावर थोडे लिहिले होते आणि जळणाशी रोजचा संबंध येणाऱ्यांनी आपले अनुभव कळवावेत अशी विनंती केली होती. पत्रे आली ती शिरोलीच्या फौंड्रीतून, करवीर तालुक्यातल्या गुऱ्हाळावरून, हुपरीच्या चांदी आटणीतून, तालमीतून आणि घरातूनही. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. नावे छापलेली नाहीत, कारण आपल्या भट्टीची अडचण मोकळेपणाने लिहिणाऱ्याला त्याचा त्रास होऊ नये.

प्रश्न : सर, मी दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकले, आता अकरावी सायन्सला आहे. ऑक्सिजनशी संयोग म्हणजे उष्मादायी अभिक्रिया असे मी पाठ केले होते. आता वर्गात नायट्रोजन आणि ऑक्सिजनची अभिक्रिया उष्माग्राही असते असे शिकवले. मग नियम कोणता धरायचा? मराठीत विचारते म्हणून राग मानू नये. (विद्यार्थिनी, गडहिंग्लज)

उत्तर : राग कसला? राजाराम कॉलेजात शास्त्र शिकवणाऱ्या बाळाजी प्रभाकर मोडकांनी एकोणिसाव्या शतकात मराठीतून रसायनशास्त्र लिहिले. कोल्हापुरात बसून हा विषय मराठीत विचारणे ही आपली जुनी रीत आहे.

तू पाठ केलेला नियम बहुतेक ठिकाणी खरा ठरतो. पण तो नियम पाठ करण्यापेक्षा त्याच्यामागचा हिशेब शीक. ऑक्सिजनच्या रेणूतले दोन अणू एकमेकांना घट्ट धरून असतात. एक मोल ऑक्सिजनचे अणू सुटे करायला ४९८ किलोज्यूल लागतात. जुना बंध तोडताना ऊर्जा खर्च होते आणि नवा बंध जुळताना ती मिळते. शेतकरी बियाण्या-खतावर आधी पैसे घालतो आणि सुगीला ते परत येतात. खर्चापेक्षा जास्त आले की वर्ष फायद्याचे, कमी आले की तोट्याचे. अभिक्रियेचेही तसेच आहे.

आता आकडे मांड. दोन मोल हायड्रोजन आणि एक मोल ऑक्सिजन घेतले, तर बंध तोडायला ४३६ दुणे ८७२ आणि ४९८ मिळून १,३७० किलोज्यूल लागतात. पाण्याच्या दोन रेणूंत ऑक्सिजन-हायड्रोजनचे चार बंध जुळतात. प्रत्येकी सुमारे ४६३ धरले तर १,८५२ किलोज्यूल मिळतात. शिल्लक ४८२, आणि हीच ज्वाळेची उष्णता. नायट्रोजनचे उलटे होते. त्याच्या रेणूतला तिहेरी बंध ९४५ किलोज्यूलचा आहे. त्यात ऑक्सिजनचे ४९८ मिळवले की खर्च १,४४३ होतो. नायट्रिक ऑक्साइडचे दोन रेणू जुळताना मिळतात फक्त १,२६२. म्हणजे सुमारे १८० किलोज्यूलची तूट येते, आणि ती बाहेरून उष्णता घेऊनच भरावी लागते.

ही तूट आपल्यावर मोठे उपकार करते. हवेत ७८ टक्के नायट्रोजन आणि २१ टक्के ऑक्सिजन एकमेकांशेजारी आहेत, तरी एका ठिणगीने सगळी हवा पेट घेत नाही. मे महिन्यात वळवाचा पाऊस येतो आणि वीज कडाडते, तेव्हा विजेच्या वाटेवरची हवा क्षणभर ३०,००० अंशांच्या आसपास तापते. तेवढ्या उष्णतेत तूट भरून निघते आणि नायट्रिक ऑक्साइड तयार होतो. तो पुन्हा हवेतल्या ऑक्सिजनशी जुळतो, आणि या वेळी मात्र उष्णता बाहेर पडते. पुढे तो पावसात विरघळून नायट्रेटच्या रूपाने शेतात उतरतो. एकाच प्रवासातली पहिली पायरी उष्णता घेणारी आणि दुसरी देणारी.

पाऱ्याचे उदाहरणही लक्षात ठेव. पारा हवेत ३५० अंशांच्या आसपास बरेच दिवस तापत ठेवला, तर हळूहळू तांबडा ऑक्साइड तयार होतो आणि उष्णता बाहेर पडते. तोच ऑक्साइड ५०० अंशांवर नेला की उष्णता शोषून पारा आणि प्राणवायू वेगळे होतात. १ ऑगस्ट १७७४ रोजी इंग्लंडमध्ये जोसेफ प्रिस्टली यांनी भिंगाने ऊन एकवटून हेच केले आणि निघालेला वायू गोळा केला. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए यांनी दोन्ही दिशांचे प्रयोग करून त्याचा अर्थ लावला. पाऱ्याची वाफ विषारी असते, त्यामुळे हा प्रयोग वाचण्यापुरताच ठेव. जी अभिक्रिया जाताना जेवढी उष्णता देते, ती उलटी फिरवायला तेवढीच परत द्यावी लागते. पुढच्या सगळ्या पत्रांची उत्तरे याच वाक्यावर उभी आहेत.

प्रश्न : आमची छोटी फौंड्री आहे, अजून क्युपोला चालवतो. दर पावसाळ्यात मेटल थंड येते, पातळ सेक्शनचे कास्टिंग नीट भरत नाही. कोकचा चार्ज वाढवला. मेटल थोडे सुधारले, पण वितळायचा वेग पडला आणि वर चार्जिंगच्या दारात निळी ज्योत वाढली. कोक महाग, परवडत नाही. नेमके काय चुकते? (एक फौंड्रीचालक, शिरोली)

उत्तर : तुमची निळी ज्योत हेच निम्मे उत्तर आहे. तिथे तुमचा पैसा जळतो आहे, आणि तोही मेटलपासून लांब.

क्युपोलात, म्हणजे लोखंड वितळवायच्या उभ्या भट्टीत, कोक दोन प्रकारे जळतो. ट्वीयरमधून, म्हणजे झोताच्या नळीतून, आलेली हवा समोरच्या कोकला भिडते आणि कार्बनचा कार्बन डायऑक्साइड होतो. १२ ग्रॅम कार्बनमागे ३९४ किलोज्यूल मिळतात. हा भट्टीतला सर्वांत तापलेला पट्टा. हा वायू वर चढतो तेव्हा त्याच्याबरोबर ऑक्सिजन उरलेला नसतो, पण तांबडालाल कोक मात्र असतो. मग कार्बन डायऑक्साइड त्या कोकलाच खातो आणि त्याचा कार्बन मोनॉक्साइड होतो. ही अभिक्रिया उष्माग्राही आहे. तेवढ्याच कार्बन डायऑक्साइडमागे ती १७२ किलोज्यूल शोषते. खाली कमावलेले वर खर्च होते, शिवाय कोकही जातो. शेवटी जो कार्बन मोनॉक्साइड म्हणून निघून गेला, त्याने ३९४ पैकी फक्त १११ किलोज्यूल दिलेले असतात. निम्मा कार्बन असा निघून गेला तर एकूण उष्णतेपैकी तिसऱ्या हिश्श्याहून जास्त उष्णता तुमच्या हातून निसटते. ती दारातल्या निळ्या ज्योतीत संपते.

म्हणून हवा तीच ठेवून कोक वाढवला की दर चार्जमागे जास्त कोक जाळावा लागतो, वितळणे मंदावते आणि मोनॉक्साइड वाढतो. तुम्ही लिहिलेले सगळे यात बसते. कोकच्या तुकड्यांकडेही लक्ष द्या. बारीक कोकचा पृष्ठभाग जास्त, त्यामुळे ती उष्णता खाणारी अभिक्रिया जोरात चालते. फौंड्रीचा कोक मोठा, घट्ट आणि सारख्या आकाराचा मागतात तो यासाठीच. चाळ मारून चुरा बाजूला काढण्याचा कंटाळा पावसाळ्यात तर अजिबात करू नका.

आता पाऊस. २५ अंशांची, ओलाव्याने पूर्ण भरलेली हवा दर घनमीटरला सुमारे २३ ग्रॅम पाण्याची वाफ धरते. हिवाळ्यातल्या कोरड्या दुपारी हा आकडा निम्म्याहूनही खाली असतो. एक किलो कोक पूर्ण जाळायला आठ-साडेआठ घनमीटर हवा लागते. म्हणजे पावसाळ्यात दर किलो कोकमागे तुमचा ब्लोअर २०० ग्रॅमच्या आसपास पाणी थेट सर्वांत तापलेल्या पट्ट्यात ढकलतो. तिथे ते नुसते तापत नाही, कोकशी अभिक्रिया करते. त्यातून कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन निघतात आणि दर १८ ग्रॅम पाण्यामागे १३१ किलोज्यूल शोषले जातात. हिशेब केला तर कोकच्या उष्णतेचा साधारण विसावा भाग इथे जातो. आकडा लहान वाटेल, पण तो भाग जिथे मेटलला शेवटची गरमी मिळते नेमका तिथून जातो. अमेरिकेत पिट्सबर्गजवळ जेम्स गेली यांनी १९०४ साली झोतभट्टीची हवा थंड करून तिचा ओलावा काढला, तेव्हा इंधनात मोठी बचत झाली होती. तुमच्या आकाराच्या फौंड्रीला तेवढे यंत्र परवडणार नाही. पण ब्लोअरचे तोंड पागोळीखाली किंवा पाण्याच्या हौदाजवळ असेल तर ते आजच हलवा.

ओल्या कोकची गोष्ट वेगळी आहे आणि तिथे बहुतेकांचा समज चुकतो. कोकमधले पाणी वरच्या भागातच, निघून जाणाऱ्या वायूच्या उष्णतेवर उडून जाते. ते खालपर्यंत फारसे पोचत नाही. त्याने नुकसान होते ते वजनकाट्यावर. १०० किलो तोललेल्या कोकमध्ये १० किलो पाणी असेल, तर तुम्ही ९० किलोच कोक टाकला. चार्जमागे दहावा भाग कमी गेला की मेटल थंड येणारच. कोक पत्र्याखाली, जमिनीपासून उंच ठेवा. उघड्यावरचा कोक वापरावाच लागला, तर मूठभर नमुना तव्यावर सुकवून त्यातले पाणी मोजा आणि त्या प्रमाणात चार्ज वाढवा. चार्ज वाढवण्याची खरी गरज इथे आहे.

हवेत दोन-तीन टक्के जादा ऑक्सिजन सोडण्याबद्दलही विचारले आहे. त्याने मेटल नक्की तापते. साध्या हवेतला नायट्रोजन काही न देता नुसता तापून निघून जातो, तो भार यात कमी होतो. पण ऑक्सिजन जास्त झाला की सिलिकॉन आणि मँगनीज जळू लागतात. त्यातून उष्णता मिळते, आणि कास्टिंगचा दर्जा मात्र जातो. हे काम सिलिंडरच्या नळीवर अंदाजाने करायचे नाही. मीटर आणि जाणकार माणूस असेल तरच करा. आणि चार्जिंगच्या प्लॅटफॉर्मवर उभ्या असलेल्या गड्याला डोके दुखते, मळमळते असे वाटले की त्याला लगेच खाली उतरवा. ज्योत विझली तरी मोनॉक्साइड येत राहतो आणि तो दिसत नाही.

प्रश्न : मी रेल्वेमार्गाजवळ राहतो. रूळ जोडताना कामगार एका भांड्यात पूड टाकतात, ठिणगी देतात आणि काही क्षणांत उकळते लोखंड खाली उतरते. ना कोळसा, ना हवेचा झोत. ऑक्सिजन येतो कुठून? (एक वाचक, रुकडी)

उत्तर : ऑक्सिजन त्या पुडीतच असतो. ती पूड म्हणजे लोखंडाचा ऑक्साइड आणि ॲल्युमिनियम. लोखंडापासून ऑक्सिजन सोडवायला एका मोल ऑक्साइडमागे ८२४ किलोज्यूल लागतात. तोच ऑक्सिजन ॲल्युमिनियमला मिळाला की १,६७६ किलोज्यूल बाहेर येतात. उरलेल्या ८५२ किलोज्यूलमध्ये लोखंड वितळून वर आणखी तापते. उष्णता घेणारी आणि देणारी अशा दोन्ही बाजू एकाच भांड्यात पाहायला मिळणे दुर्मीळ, म्हणून तुमचे निरीक्षण मला फार आवडले. पण उघड्या डोळ्यांनी जवळून पाहू नका. आणि असे भांडे पेटले असताना पाणी टाकणे म्हणजे वाफेचा स्फोट ओढवून घेणे.

ॲल्युमिनियमकडे एवढी ऊर्जा कुठून आली, हेही पाहा. आपल्याच जिल्ह्यात राधानगरी तालुक्यात दुर्गमानवाडच्या पठारावर बॉक्साइट निघते. त्यातल्या ऑक्साइडपासून धातू वेगळा करायला कारखान्यात एका किलोमागे १३ ते १५ युनिट वीज खर्च होते. ॲल्युमिनियमचे एक भांडे भंगारात देण्याऐवजी उकिरड्यावर फेकले, तर तेवढी वीज वाया गेली असे समजा.

प्रश्न : आमचे गुऱ्हाळ आहे. चिपाड चांगले पेटत नाही, धूर फार होतो, आधण उतरायला वेळ लागतो. दुसरे म्हणजे हायड्रॉसच्या डब्यात पाणी गेले आणि डबा आपोआप तापून धूर येऊ लागला. आग कुठेच नव्हती. असे का व्हावे? (एक गुऱ्हाळमालक, करवीर तालुका)

उत्तर : दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण तो जिवाशी आहे.

तुम्ही ज्याला हायड्रॉस म्हणता ते सोडियम हायड्रोसल्फाइट. त्याला ऑक्सिजनची अतिशय ओढ असते. रसात टाकल्यावर ते रंगद्रव्यांपासून ऑक्सिजन ओढून घेते, म्हणून गूळ पिवळा दिसतो. डब्यात ओलावा गेला की ते हवेतला ऑक्सिजन घेऊ लागते आणि तापते. डब्याच्या आत उष्णतेला बाहेर पडायला वाट नसते. तापमान वाढले की उरलेली पूड विघटन पावते, सल्फर डायऑक्साइडचा झोंबणारा वायू निघतो आणि पुढे ती पेटही घेते. बाहेरून काडी लावावी लागत नाही. यावर तांब्याभर पाणी ओतणे सर्वांत वाईट, त्याने अभिक्रिया वाढते. वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला माणसे हलवा. अगदी सुरुवात असेल तर कोरडी वाळू टाका, नाहीतर अग्निशमन दलाला १०१ वर बोलवा आणि डब्यात काय आहे ते स्पष्ट सांगा. ही पूड चिपाडाच्या गंजीजवळ कधीही ठेवू नये.

आणि मुळात ती रसात हवी कशाला? तिने आलेला पिवळेपणा टिकत नाही. हवेतल्या ऑक्सिजनने गुळाचा रंग पुन्हा गडद होतो. गुळातल्या सल्फर डायऑक्साइडला दर दहा लाख भागांत ७० भागांची कायद्याने मर्यादा आहे, आणि अंदाजाने मूठ टाकणाऱ्याला ती पाळता येत नाही. शाहू महाराजांनी १८९५ साली वसवलेली शाहूपुरीची पेठ गुळावर मोठी झाली. कोल्हापुरी गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. हे नाव चवीने, कणीने आणि टिकाऊपणाने मिळाले आहे. भेंडीचा रस आणि बेताचा चुना यांवर मळी नीट काढणारा गुळव्या असेल, तर गूळ तांबूस होईल, पण चांगला होईल. गिऱ्हाइकांनाही माझे सांगणे आहे की पिवळाधमक गूळ मागू नका. तुमच्या मागणीमुळेच ही पूड गुऱ्हाळावर येते.

आता धुराचे. चरकातून निघालेल्या ताज्या चिपाडात साधारण निम्मे पाणी असते. पूर्ण कोरडे एक किलो चिपाड जळताना सुमारे १७,००० किलोज्यूल देते. ओल्या किलोत कोरडा भाग अर्धाच, म्हणजे ८,५०० च्या आसपास. त्यातूनही आतले पाणी उडवायला हजारावर किलोज्यूल जातात. हाती उरतात फार तर साडेसात हजार, आणि वाफेमुळे ज्वाळा थंड पडते ते वेगळेच. वाळवणाला जागा आणि दोन-तीन कडक उन्हे मिळाली तर तेवढ्याच चिपाडात आधण लवकर उतरते.

पण वाळलेले चिपाडही धूर करते, कारण चिपाड एकदम जळत नाही. आधी ते तापते, त्यातला ओलावा उडतो, मग त्याचे तुकडे होऊन जळणारे वायू निघतात. इथपर्यंत ते चुलवाणातली उष्णता घेतच असते. ते वायू ऑक्सिजनला भेटून पेटले की उष्णता मिळते. जळण घालणाऱ्या गड्याने मोठा भारा एकदम कोंबला तर घेणे वाढते, हवा कोंडते आणि न जळलेले वायू काळा धूर होऊन धुराड्यातून जातात. थोडे थोडे, सतत आणि पसरून घालायचे. राख वेळेवर ओढून खालून हवा मोकळी ठेवायची. त्याच वेळी हवेची दारे सगळी सताड उघडी टाकू नका. गरजेपेक्षा जास्त आलेली हवा काहीलीला न देता उष्णता घेऊन निघून जाते. धुराड्यातून फिकट, जेमतेम दिसणारा धूर निघत असेल तर काम नीट चालले आहे.

तुमच्या चुलवाणातली ही सगळी उष्णता आधी कुणीतरी शोषलेली आहे. उसाचे पान कार्बन डायऑक्साइड आणि पाण्यापासून शर्करा बनवते, तेव्हा एक मोल ग्लुकोजमागे सुमारे २,८०० किलोज्यूल उन्हातून घेते आणि ऑक्सिजन बाहेर सोडते. प्राणवायूची सर्वांत मोठी उष्माग्राही अभिक्रिया तुमच्या गुऱ्हाळाशेजारच्या फडात दिवसभर चालू असते. चिपाड जाळताना तिचीच परतफेड होते.

प्रश्न : चांदी आटवून मूस थंड होऊ लागली की कधी कधी वरची साय फुटून बारीक थेंब उडतात. चांदीत भेसळ असल्यामुळे असे होते का? (एक कारागीर, हुपरी)

उत्तर : नाही, उलट शुद्ध चांदीत हे जास्त दिसते. ९६२ अंशांना वितळलेली चांदी आपल्या आकारमानाच्या सुमारे वीसपट ऑक्सिजन हवेतून पोटात घेते. गोठताना तिला तो धरून ठेवता येत नाही आणि तो साय फोडून बाहेर पडतो. हा ऑक्साइडचा थर नव्हे. चांदीचा ऑक्साइड २००-३०० अंशांच्या दरम्यानच उष्णता घेऊन मोडतो, तो एवढ्या तापमानाला टिकूच शकत नाही. वितळलेल्या चांदीवर कोळशाच्या पुडीचा थर राहू द्या. कोळसा वरच्या वर ऑक्सिजन संपवतो. ओतण्यापूर्वी गॅसची ज्योत जास्त हवेची ठेवू नका आणि डोळ्यांवर चष्मा वापरा.

पैंजण काळे पडणे हा वेगळा प्रकार. तिथे हवेतल्या गंधकाच्या वायूने चांदीचा सल्फाइड होतो. ऑक्सिजन त्यात मदतीला असतो, पण काळा रंग गंधकाचा.

प्रश्न : लढतीत अंग भट्टीसारखे तापते. जास्त श्वास म्हणजे जास्त ऑक्सिजन, म्हणून ताप वाढतो का? थंडाईने आतली आग शमते का? आणि वजन उतरवायला प्लास्टिकचा सूट घालून घाम काढावा का? (एक मल्ल, गंगावेस)

उत्तर : नुसता जास्त श्वास घेऊन अंग तापत नाही. स्नायूंनी वापरलेला ऑक्सिजन मोजायचा. शरीराने एक लिटर ऑक्सिजन वापरला की सुमारे २० किलोज्यूल ऊर्जा मोकळी होते. अन्न भाकरीचे असो वा तुपाचे, या आकड्यात फारसा फरक पडत नाही. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला पाव लिटर ऑक्सिजन वापरतो, म्हणजे ८० वॅटच्या दिव्याइतकी उष्णता देतो. जोराच्या मेहनतीत हा वापर तीन-चार लिटरवर जातो. त्यातली पाव-पंचमांश ऊर्जा कामी येते, उरलेली सगळी उष्णता. १७८२-८३ च्या हिवाळ्यात लाव्हाझिए आणि लाप्लास यांनी गिनीपिगला बर्फाने वेढलेल्या भांड्यात ठेवून वितळलेले पाणी मोजले आणि श्वास हे मंद ज्वलनच आहे असे दाखवून दिले.

थंडाई गार असते तेवढ्यापुरतेच अंग थंड होते. तिच्यातले बदाम आणि दूध पुढे शरीरात ऑक्सिजनशी जुळून उष्णताच देणार. ती ताकदीसाठी प्या, हरकत नाही.

सूट मात्र घालू नका. एक लिटर घाम वाळला तर सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता अंगावरून जाते. वाळला तरच जाते, नुसता गळला तर नाही. सुटात घाम वाळत नाही, रक्तातले पाणी घटते आणि आतली उष्णता कोंडते. १९९७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये अमेरिकेत तीन महाविद्यालयीन मल्ल अशाच प्रकारे वजन उतरवताना मरण पावले. खासबागेच्या कुस्ती मैदानात उतरायचे स्वप्न असेल तर वजन महिन्या-दोन महिन्यांच्या आहाराने उतरवा. वस्ताद सुटाचा आग्रह धरत असतील तर हे उत्तर त्यांना वाचून दाखवा.

प्रश्न : थंडीत आजी खोलीत कोळशाची शेगडी ठेवतात. धूर नसतो, निखारे लाल असतात. तरी सकाळी सगळ्यांचे डोके जड होते. शेगडीत आणखी कोळसे घातले तर पूर्ण जळेल का? (एक गृहिणी, चंदगड)

उत्तर : घालू नका, आणि आज रात्रीपासून शेगडी खोलीबाहेर ठेवा. वर शिरोलीच्या वाचकांना क्युपोलाबद्दल जे सांगितले, तेच तुमच्या शेगडीत घडते. खालच्या निखाऱ्यांवर झालेला कार्बन डायऑक्साइड वरच्या लाल कोळशांतून जाताना उष्णता शोषून कार्बन मोनॉक्साइड होतो. थर जितका जाड आणि खोली जितकी बंद, तितका तो जास्त. त्याला वास नाही, रंग नाही, धूर नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटींहून अधिक घट्ट धरतो, त्यामुळे छाती हलत असते आणि शरीराला प्राणवायू मिळत नाही. सकाळचे जड डोके ही त्याचीच खूण आहे. झोपेत प्रमाण आणखी वाढले तर जाग येत नाही. बंद न्हाणीघरातल्या गॅस गिझरने होणारे मृत्यूही याच वायूने होतात.

आजींना ऊब हवी असेल तर गरम पाण्याची पिशवी द्या, घोंगडे द्या. शेगडी पेटवायची ती अंगणात किंवा पडवीत, आणि झोपण्यापूर्वी विझवायची. गॅस गिझर न्हाणीघराच्या बाहेर बसवा. बंद खोलीत कोणी बेशुद्ध आढळले, तर श्वास रोखून आधी दारे-खिडक्या उघडा, त्या माणसाला मोकळ्या हवेत आणा आणि १०८ वर फोन करा. दवाखान्यात खोलीत शेगडी पेटलेली होती, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.